अप्पांचा उजवा हात

"जपान हा चार मोठ्या आणि हजारो लहान बेटांचा देश आहे. त्याचा बहुतेक भाग डोंगरांनी व्यापलेला असून माणसे किनाऱ्यालगतच्या अरुंद सपाटीवर दाटीने राहतात. तेथे वृद्धांची संख्या मोठी आहे आणि त्यांची देखभाल करणारे हात कमी आहेत."

ही तीन वाक्ये मी प्रत्येक नव्या तुकडीपुढे याच क्रमाने उच्चारतो. सोलापुरातल्या ज्या संस्थेत मी शिकवतो, ती वृद्धसेवेच्या कामासाठी मुलामुलींना जपानला पाठवते. माझ्याकडे भाषेची सुरुवात आहे आणि 'देश आणि लोक' हा विषय आहे. स्थान, हवामान, अन्न, घरे, सण, स्वभाव, असे मथळे ठरलेले. मी समुद्र पाहिलेला नाही. पण समुद्राने वेढलेल्या माणसांचा स्वभाव मी शांतपणे समजावून सांगतो. बर्फ पाहिलेला नाही. पण बर्फावर पाऊल कसे सपाट टाकावे, हे फळ्यासमोरच्या धुळकट फरशीवर करून दाखवतो. उंबऱ्याशी काढलेली पादत्राणे दाराकडे तोंड करून कशी ठेवावीत, गरम पाण्याच्या कुंडात उतरण्यापूर्वी अंग कसे धुवावे, 'नाही' हा शब्द न उच्चारता नकार कसा द्यावा, हे सारे मला येते. यातले शेवटचे मला जन्मापासूनच येत असावे.

प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारतेच, "सर, तुम्ही किती वर्षं होता तिकडं?"

मी खडूकडे पाहत सांगतो, "मी गेलेलो नाही."

मग वर्गात एक बारीक कुजबुज फिरते. गेल्या तुकडीतली धनलक्ष्मी तेवढी मोठ्याने बोलली. ती पूर्वभागातल्या तेलुगू विणकर घराण्यातली. घरी दिवसभर मागाचा खडखडाट असल्याने तिला हळू बोलता येत नसे. "म्हणजे सर, हे लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून जेवणाचं वर्णन केल्यासारखं झालं की!" सगळे हसले. मीही हसलो. घरी परतताना मात्र ते वाक्य माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून शुक्रवार पेठेपर्यंत आले.

शुक्रवार पेठेत आमची तळमजल्यावरची एक खोली आणि तिला चिकटलेले स्वयंपाकघर आहे. खिडकी गल्लीकडे उघडते. पण समोरच्या घराची भिंत इतकी जवळ आहे की उन्हालाही तिरके होऊनच आत यावे लागते. त्या खिडकीखाली अप्पांची खाट आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील, सिद्रामप्पा. दुधनीच्या बाजारात त्यांनी उभे आयुष्य तुरीचा व्यापार केला. आई गेल्यावर वर्षभरातच त्यांना झटका आला आणि अंगाची उजवी बाजू निकामी झाली. उपचारांसाठी म्हणून आम्ही सोलापुरात आलो, आणि 'म्हणून आलो' याचे 'इथेच राहिलो' कधी झाले, ते कळले नाही. त्या आजारात एक विलक्षण गोष्ट घडली. आमच्या घरची भाषा कानडी. अप्पांची वाचा हळूहळू परतली, पण परतली ती मराठी होऊन. बाजारातली, हमालांशी आणि गाडीवानांशी बोलायची मराठी. आईशी जी भाषा ते बोलत, ती आतच कुठेतरी अडकून राहिली. डॉक्टर म्हणाले, असे होते कधी कधी. मी कानडीत बोललो तर त्यांना समजते; उत्तर मराठीत येते. आईच्या भाषेला अप्पांपाशी आता फक्त कान आहेत, जीभ नाही.

आमचा दिवस लिंगपूजेने सुरू होतो. गळ्यातल्या शिवदोऱ्यात चांदीची डबी असते. तिला आम्ही करडिगे म्हणतो. तिच्यात पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेले इष्टलिंग असते. ते डाव्या तळहातावर घ्यायचे आणि उजव्या हाताने त्याची पूजा करायची, ही रीत. रुग्णालयातले दिवस सोडले तर, ती झाल्याशिवाय अप्पांनी उभ्या आयुष्यात अन्नाचा कण तोंडात घातलेला नाही, पाण्याचा घोटही नाही. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी डावा तळहात उघडला, त्यावर मी लिंग ठेवले, आणि मग दोघेही थांबलो. तळहात होता, पूजा करणारा हात नव्हता. काही क्षणांनी मी त्यांच्या उजव्या बाजूला अगदी खेटून बसलो आणि माझा हात त्यांच्या हाताच्या जागेवरून पुढे नेला. विभूती लावली, बेलाचे पान वाहिले. अप्पांनी डोळे मिटले नाहीत. ते लिंगाकडे पाहत राहिले.

तेव्हापासून डावा तळहात त्यांचा आणि उजवा हात माझा, अशी एक पूजा दोघे मिळून करतो. ताप असो, परीक्षा असो, संस्थेत पाहुणे येणार असोत, सकाळच्या त्या वेळी माझा उजवा हात माझा नसतो. मी दुधनीलाही मुक्कामाला जाऊ शकत नाही. कोणी विचारले तर मी सांगतो, "घरी अप्पा आहेत ना." हे वाक्य इतके खरे आहे की त्यापुढे कोणी काही विचारीत नाही.

संस्थेत सरावासाठी प्लॅस्टिकचा एक पुतळा होता. त्याचे सांधे ढिले झाले, तेव्हा आमच्या संस्थाचालक इंद्रायणीमॅडमनी संकोचत मला विचारले आणि मी त्याहून अधिक संकोचत अप्पांना विचारले.

"भावली कशाला लागती?" अप्पा म्हणाले. "म्या हाय की!"

तेव्हापासून दर शनिवारी मुले चार-पाचजण करून घरी येतात. कुशीवर वळवणे, पाठीला हात देऊन बसवणे, ओल्या कपड्याने अंग पुसणे, हे सारे ती अप्पांच्या देहावर शिकतात. लुळ्या हाताची बोटे आत वळून मूठ कायमची मिटू नये म्हणून तळहातात कापडाची गुंडाळी ठेवायची आणि रोज एकेक बोट सावकाश उघडायचे, हेही मी त्यांना त्याच हातावर दाखवतो. त्या हाताची मी जेवढी निगा राखली तेवढी स्वतःच्या कोणत्याही गोष्टीची राखली नसेल. तो हात आज्ञा मानीत नाही. पण मिटलेलाही नाही. मांडीवर उताणा ठेवला की तो कमळाच्या पानासारखा सपाट पडून राहतो.

धनलक्ष्मी पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "आजोबा, अंग सैल सोडा."

"सैलच हाय की गं. सोडलंय तवापास्नं परत घ्याला कोन ईना!"

अंग पुसताना तिचा हात करडिगेपाशी थबकला. "सर, हे काढून ठेवायचं का?"

मी उत्तर देण्याआधीच अप्पांच्या डाव्या हाताने डबी झाकली. "ते न्हाय काढायचं पोरी. ते असलं तर म्या हाय."

तिने मान डोलावली, आणि डबी दोन बोटांत अलगद धरून, तिच्याखालची छाती पुसून, पुन्हा जागेवर ठेवली. मी शिकवले असते तर याहून चांगले शिकवता आले नसते. जाताना अप्पा तिला म्हणाले, "आमच्या मास्तरला बी घेऊन जा की संगट. हितं बसून त्येनं समदा जपान पाठ केलाय. मला बी झालाय. इचार काय बी."

"मग सांगा, जपानमध्ये डोंगर किती?"

"मानसं दाटून ऱ्हात्यात तितके!"

याच महिन्यांत खोलीत एक क्षुल्लक गोष्ट वारंवार घडू लागली. केर काढताना खाटेखाली सुपारी सापडे. अख्खी सुपारी, न फोडलेली. अप्पांना दात उरलेले नाहीत. मी विचारले, "अप्पा, सुपारी कुणी आणली?"

"केराबाईनं दिली," ते म्हणाले. केराबाई शेजारच्या.

"घशात अडकली म्हणजे?"

"खात न्हाय रे. धरून बसतो नुसती."

वार्धक्यात माणसे लहान मुलांसारखी वस्तू धरून बसतात, असे मी स्वतःच वर्गात सांगितलेले होते. सुपारी उचलून मी त्यांच्या उशीशी ठेवत असे. दोनेक दिवसांनी ती पुन्हा खाटेखाली असे.

धनलक्ष्मीची तुकडी गेली. तिने बर्फाचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते, 'सर, पाऊल सपाट टाकलं, तरी पडले.' ते छायाचित्र मी अप्पांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. मला ते पाहणे आवडले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत इंद्रायणीमॅडमनी मला बोलावले. उत्तरेकडच्या एका गावातल्या वृद्धाश्रमाला असा माणूस हवा होता, जो स्वतः सेवा करील आणि आपल्याकडून येणाऱ्या मुलांना तेथील पद्धती समजावील. "शिवानंद, मी तुझं नाव दिलंय," त्या म्हणाल्या. "नको म्हणू नकोस. सोमवारी मुलाखत आहे, स्क्रीनवरच. सकाळी लवकर ये, सगळं नीट जोडून पाहायचंय."

"मॅडम, घरी अप्पा..."

"अप्पांशीच बोलून दिलंय."

संध्याकाळी मी अप्पांना रागाने विचारले, म्हणजे माझ्या परीने रागाने. त्यांनी सांगितले की चंद्रिका, माझी दुधनीची थोरली बहीण, आमची चंद्रक्का, त्यांना सांभाळायला तयार आहे. तिचे घर मोठे आहे, ती त्यांना नेईल. सोमवारी सकाळच्या गाडीने ती येईल, पूजेला तिचा हात देईल, मी निश्चिंत मनाने जावे. चंद्रिकेच्या घरी तिची तीन मुले, सासू, दुकान. सकाळच्या त्या वेळी तिला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे मला ठाऊक होते. तरी मी होकाराची मान डोलावली. नकार न देता नकार देण्याची माझी विद्या मी मुलाखतीसाठी राखून ठेवली. काहीतरी बोलू, अडखळू, ते लोक नाही म्हणतील, आणि मग कोणालाच काही ठरवावे लागणार नाही. असा माझा बेत होता.

सोमवारी मी पहाटेच उठून स्वयंपाक केला. डाळ, भाकरी, शेंगांची चटणी झाकून ठेवली. अप्पांना भिंतीला टेकवून बसवले. पूजेची ठरलेली वेळ अजून व्हायची होती; पाणी, विभूती, बेलाची पाने डाव्या हाताशी मांडली.

"चंद्रक्का येईपर्यंत थांबू का?"

"गाडी अक्कलकोट रोडला आली आसंल. तू नीघ. त्येंच्या देशात उशीर चालत न्हाय, तूच सांगतोस की."

संस्थेतल्या लहान खोलीत मी पडद्यासमोर बसलो. पलीकडे वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाई होत्या. पांढरे आखूड केस, पुढे झुकलेली बसण्याची पद्धत. बाजूला दुभाषी तरुणी, मी कोठे अडलो तर मदतीला. आरंभीचे प्रश्न भाषेचे होते. उत्तरे चुकवायची म्हटले तरी चुकेनात. मग बाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले आणि विचारले, "तुम्ही मुलांना आमचा देश आणि आमची माणसे समजावून सांगता, असे कळले. आज तुम्ही मला तुमचा देश आणि तुमची माणसे सांगा. थोडक्यात."

मी सुरुवात केली. "भारत हा विस्ताराने मोठा..." आणि थांबलो. स्थान, हवामान, अन्न, घरे, सण, स्वभाव. सगळे मथळे समोर उभे राहिले आणि त्यांच्याखाली कोरी जागा. ज्या देशाला मी कधी पाहिले नाही त्याच्याविषयी मी तासभर बोलू शकत होतो. ज्यात जन्मलो त्याच्याविषयी मला एक वाक्य पुरे करता येईना. हाच तो अडखळण्याचा क्षण, माझ्या बेतातला. फक्त गप्प राहायचे होते. पण बाई वाट पाहत होत्या. घाईने नव्हे, रुग्ण कूस बदलेपर्यंत खाटेशी उभे राहावे, तशा.

"माझा देश एका खोलीएवढा आहे," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "तेथे ऊन तिरके येते. लोकसंख्या दोन. भाषा तीन, एक फक्त ऐकली जाते, एक बोलली जाते आणि एक मी तुमच्याशी बोलतो आहे ती. तेथला मुख्य सण रोज सकाळी असतो." मग मी लिंगपूजेविषयी सांगितले. शब्द अपुरे पडले तेथे माझे दोन्ही हात पडद्यासमोर धरले. "हा तळहात माझ्या वडिलांचा. हा हात माझा. माणसे कशी आहेत विचाराल, तर अशी आहेत. एक पुरता माणूस व्हायला आम्हांला दोघे लागतात."

मला अडलेला शब्द पुरवताना दुभाषी तरुणीने एकदा माझ्याकडे पाहिले. प्रमुख बाईंनी अगदी व्यवहारी स्वरात विचारले, "तुम्ही इकडे आल्यावर हा हात कोणाचा असेल?"

"माझी बहीण..." मी म्हणालो आणि पुढचे क्रियापद सापडले नाही.

"आम्हांला तुम्ही हवे आहात," बाई म्हणाल्या. "पण या प्रश्नाचे उत्तर मला नको, तुमच्या वडिलांना द्या. मग आम्हांला कळवा."

इंद्रायणीमॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली, पेढे मागवले. मी पेढा रुमालात बांधून घेतला. दुपारच्या रखरखीत उन्हात सायकल हाकताना मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी असे वाटत होते की एक दार माझ्यासमोर उघडे ठेवून कोणीतरी निघून गेले आहे, आणि आता ते बंद करण्याचे काम माझ्याच हाताने व्हायचे आहे.

घराचे दार नुसते लोटलेले होते. आत चंद्रक्का नव्हती. तिची पिशवी नव्हती, चपला नव्हत्या. स्वयंपाकघरात डाळ आणि भाकरी मी झाकली तशीच होती. अप्पा खाटेच्या कडेला आलेले, डाव्या हाताने खाटेची पाटी घट्ट धरून बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा. त्या तळहातावर विभूती सांडली होती, मनगटावर, धोतरावर, सगळीकडे. गळ्यातली करडिगे उघडी होती आणि रिकामी होती.

"अप्पा! चंद्रक्का कुठंय?"

"तिला म्याच सांगितलं, आज येऊ नगं म्हनून. काल फोन केला." ओठ कोरडे पडून एकमेकांना चिकटत होते.

"आणि लिंग?"

त्यांनी नजरेनेच खाली दाखवले. "गडगडलं. मला वाकायला यीना."

"कधी?"

"तू गेल्यावर लगीच."

म्हणजे सकाळपासून. पाण्याच्या घोटावाचून, त्याच जागी. लिंग अंगावर नाही, म्हणजे त्यांच्या लेखी ते स्वतःच या खोलीत नव्हते. "केराबाईंना हाक मारायची. मला फोन करायचा!"

"केला आसता तर तू आला आसतास."

मी खाटेखाली शिरलो. धूळ, जुन्या ट्रंकेची कड, अंधार. बोटांना प्रथम एक सुपारी लागली. मग दुसरी. मग भिंतीच्या कोपऱ्यात गार, गुळगुळीत असे काही, आणि मी ते मुठीत घेतले. त्याच क्षणी, जमिनीवर पालथा पडलेला असताना, मला त्या सुपाऱ्यांचा अर्थ लागला. मी तसाच थोडा वेळ पडून राहिलो. बाहेर यायला मला धैर्य होईना.

"कधीपासून करताय?" मी खाटेखालूनच विचारले.

"दिवाळीपास्नं." वरून आवाज आला. "तू कामावर गेलास की उजव्या हातावर सुपारी ठेवायची, अन् डाव्यानं ईभूती. आदी लई पडायची. मग पडंना झाली. सुपारी खरबरीत आसती रे, धरून ऱ्हाती. हे..." ते थांबले. "माज्या ल्हानपनापास्नं हाताळून हाताळून ह्येची पार काच झालीया. ते ध्येनात आलं न्हाय."

"पण उजव्या तळहातावर? रीत डाव्याची आहे."

"मठात स्वामींना फोनवर इचारलंय. व्हय म्हनले. आता पडलंय ते बी त्येंना सांगतो, काय करायचं ते सांगतील. तू भायेर ये आदी."

मी बाहेर आलो. लिंग पाण्याने धुतले, वस्त्राने टिपले आणि सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला खेटून बसलो. त्यांच्या डाव्या हाताकडे ते नेले. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती.

"अप्पा, हात."

"निवडलं का त्येंनी तुला?"

"निवडलं. मी नाही कळवतो उद्या. हे असं बघून कसा जाऊ? उघडा हात."

मूठ उघडली नाही. अप्पांनी पाटीवरचा तो हात उचलला आणि त्या मिटल्या मुठीनेच आपला उजवा हात माझ्याकडे ढकलला. "हितं ठेव."

"पडेल पुन्हा."

"पडंल. मग उचलाय शिकीन. शिवा, एक ऐक. तुला भ्या वाटतंय. पोरी गेल्या, ती धनलक्ष्मी बर्फात पडली अन् हसली. तुला भ्या वाटतंय तर भ्या वाटतंय म्हन, काय न्हाय त्येच्यात. हितंच ऱ्हा. पर अप्पा लुळा हाय म्हनून ऱ्हायलो, आसं सांगत फिरू नगंस. म्या काय भिंत न्हाय तुज्यापुढं उभी ऱ्हायला. मला तर उभंच ऱ्हाता येत न्हाय."

शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच हसले, आणि कोरड्या घशामुळे ते हसणे खोकल्यात विरले. मी हसलो नाही. समोरच्या घराच्या भिंतीवरून उन्हाची पट्टी खाली सरकत होती. इतकी वर्षे मी त्या भिंतीला दोष दिला होता. तिच्या सावलीत मला किती गार वाटत होते, हे कधी बोललो नव्हतो. अप्पा अडकले होते, हे उघड होते. पण त्यांच्या अडकण्यात मी माझे अंथरूण घालून निजलो होतो, आणि ते मात्र रोज सकाळी माझ्या हाताची वाट पाहत बसले होते. वाट पाहण्याची गरज संपवायला त्यांनी दिवाळीपासून सुपाऱ्या खाली पाडल्या होत्या.

मला जे येत होते ते केले. लिंग गुंडाळायचे पांढरे वस्त्र पाण्यात भिजवून पिळले, त्याची निमुळती घडी करून गोल वळवली, आणि बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशी एक इवलीशी चुंबळ केली. अप्पांचा उजवा तळहात पुसला. बोटे एकेक करून सरळ केली. ती सहज सरळ झाली, माझ्याच रोजच्या सरावाने. चुंबळ मधोमध ठेवली. तिच्यावर लिंग टेकवले, आणि पडेल या धास्तीने माझा हात त्या हाताखाली आधाराला धरून ठेवला.

अप्पांनी डाव्या हाताच्या तीन बोटांवर विभूती घेतली. हात लिंगापर्यंत आला, चुकला, पुन्हा आला. तीन रेघा उमटल्या. वाकड्या, पण तीनही. बेलाचे पान दुसऱ्या खेपेला नीट बसले. माझा हात त्यांच्या हाताखाली तसाच होता. त्यांचा लुळा हात किती जड आहे, ते मला प्रथमच जाणवले.

"साकु," अप्पा म्हणाले.

मी दचकलो. साकु म्हणजे पुरे. आई ताटात वाढायला लागली की ते असेच म्हणत. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला कानडी शब्द होता. त्यांना ते जाणवले की नाही, सांगता येत नाही. ते लिंगाकडेच पाहत होते.

मी हात काढून घेतला. लिंग हलले नाही.

पूजा संपेपर्यंत मी बाजूला बसून होतो. त्या वेळेला माझ्या उजव्या हाताला काम नाही, असे कधी झाले नव्हते. तो मी गुडघ्यावर ठेवून पाहिला, मग मांडीखाली. कोठे ठेवावा ते समजेना. प्रमुख बाईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या समोर, विभूतीने माखून बसले होते, आणि मला सुटल्यासारखे मुळीच वाटत नव्हते. दोन डोंगरांमधल्या अरुंद सपाटीवर कोणी आणून सोडावे आणि पुढे समुद्र असावा, तसे काहीसे वाटत होते.

अप्पांनी एका हाताने लिंग वस्त्रात गुंडाळले, डबीत ठेवले, झाकण हनुवटीने दाबून लावले. हेही त्यांनी कधीतरी शिकून घेतले होते. मग पाणी मागितले. घटाघटा प्यायले.

"फोन कर तुज्या मॅडमला. व्हय म्हन."

"करतो."

"आदी भाकरी दे. लई भूक लागलीया."

मी ताट आणले. सकाळची भाकरी उन्हाने वाळून कडक झाली होती. अप्पांनी डाव्या हाताने तिचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला. ताट सरकले, भाकरी तशीच राहिली. मी पुढे झालो आणि दोन्ही हातांनी ती चुरून डाळीत घातली. ते माझ्या बोटांकडे बघत होते, एखादी कृती मनात टिपून घ्यावी तसे.

"ह्ये ऱ्हायलंय अजून," ते म्हणाले. "जाशील तवर शिकीन."